आलं हं पाणी

प्रिय ताई,

आपलं न्हाणीघर उघडलं. महापालिकेचं असलं तरी मी आपलंच म्हणते. ज्यांच्या खोल्यांत आंघोळीला जागा नाही अशा भाडेकरूंसाठी ते बांधलंय, पण आराखडा काढताना माझ्या डोळ्यांपुढे आईच होती. शॉवरखाली ती किंचाळते. डोक्यावर पाणी कुठून येतं, तेच तिला कळेनासं झालंय. म्हणून बायकांच्या बाजूला मी शॉवर ठेवलेच नाहीत. बसकी बाकं, गुडघ्याशी नळ, समोर बादली. आमचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, बायका इथे आंघोळीला येणार की भांडी घासायला?" मी हसले आणि तो गेल्यावर नळाची उंची पुन्हा मोजली. तू मला ओळखतेसच.

घरी आई मला अंगाला हात लावू देत नव्हती. अंगाला वास यायला लागला तरी नको म्हणजे नको. शेवटी उघडायच्या आदल्या दिवशी तिला तिथे घेऊन गेले. कोपर बुडवून पाणी पाहिलं, तिनेच शिकवलं होतं तसं. लहानपणी ती आपल्याला म्हणायची तसं "आलं हं पाणी" म्हटलं आणि मगच पहिला तांब्या खांद्यावर ओतला. ताई, ती शांत झाली गं. डोळे मिटून तिने पाठ माझ्याकडे केली. मला वाटलं, जमलं.

मग ती म्हणाली, "बाई, तुमचा हात अगदी माझ्या धाकटीसारखा आहे हो. भित्री आहे ती, दहादा पाणी बघते. हल्ली येतच नाही." मी "हो का?" म्हटलं आणि दुसरा तांब्या ओतला. दुसरं काय करणार होते?

आईला अशा अवस्थेत बघणं मला सोसणार नाही, असं तू फोनवर म्हणतेस. पण आपल्या दोघींच्या फोटोत ती अजून तुझ्यावर बोट ठेवते, नावानिशी. शेजारची कोण, ते मला विचारते. तेव्हा तुझं नाव तिच्या तोंडी आहे तोवर ये. बाक दोघींना पुरेल एवढं रुंद केलंय. तू तिच्या पाठीशी बस, पाणी तूच ओत. मी बादली भरेन. आणि एकदाच, तिला ऐकू जाईल अशी, मला "धाकटे" म्हणून हाक मार. बघू, ती माझ्याकडे वळून बघते का.

तुझीच,
धाकटी