रक्त संपतं त्यालाही शब्द आहे

६ मार्च

एक्सँग्विनेशन. मरणाचं कारण म्हणून हेच लिहिलंय. तीनदा वाचलं, जीभ वळेना. धडधाकट नवरा सकाळी काचेच्या दुकानात गेला आणि मला परत काय मिळालं – तर हा शब्द!

सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलंय गं? रक्त गेलं असं लिहिलंय, म्हटलं. त्या म्हणाल्या, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा. पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या.

८ मार्च

राहवेना. इस्पितळात गेले. त्या दिवशीच्या डॉक्टरीणबाई भेटल्या, बसा म्हणाल्या. मी उभीच राहिले. विचारलं, नुसतं रक्तस्राव लिहायला काय झालं होतं? एवढा अवघड शब्द कशाला?

त्यांनी नीट सांगितलं. रक्तस्राव म्हणजे रक्त वाहणं. तो भाजी चिरतानाही होतो, थांबतोही. हा शब्द वापरतात तो रक्त इतकं गेल्यावर, की हृदयाला पुढे ढकलायला काही उरतच नाही. हृदय चालतंय, पण रिकामं. ह्यांच्या मांडीतली मोठी धमनी चिरली होती. "काच आत होती तोवर तीच बूच होती," बाई म्हणाल्या. "ती तशीच ठेवून आणलं असतं, तर कदाचित वाचले असते."

कदाचित! हा शब्द मात्र सोपा.

काच कोणी ओढली ते मला ठाऊक आहे. भावजींनी. दुकानात दोघे भाऊच होते. मांडणीवरून मोठी काच उतरवताना ती मधोमध तडकली. वरचा तुकडा भावजींनी डाव्या हाताने तोलून धरला – सोडला असता तर दोघांच्या अंगावर आला असता. खालचा त्यांचा उजवा तळवा कापत ह्यांच्या मांडीत घुसला. इस्पितळाच्या बाकावर बसून, गुंडाळलेला हात पुढे करून, त्यांनी स्वतःच सांगितलं होतं – "वहिनी, मीच ओढली. याच हाताने."

तेव्हा मला अर्थ कळला नव्हता. आज कळला.

९ मार्च

भावजींपुढे चहा आपटला. बशीत सांडला. पुसला नाही.

१३ मार्च

खरं तर हे काचवाले सगळे एकाच माळेचे मणी. काच रुतली की थांबणं नाही. ओढायची, बोट तोंडात घालायचं, कामाला लागायचं. हे तर जेवता जेवता ताट बाजूला सारून माझ्या केसातली पिन मागायचे. मी ओरडायचे, अहो, जरा थांबा, हात तरी धुवा! तर म्हणायचे, "काच काय पाहुणी आहे, बस म्हणायला?" आणि हसायचे. हसताना एक भुवई वर जायची.

भावजींनीही सवयीनेच ओढली असणार. मुद्दाम कोण करतं? सगळं समजतं मला. तरी त्यांचं तोंड पाहिलं की डोकं फिरतं. आज म्हणून टाकलं – "तुम्ही हात लावला नसता तर ते आज घरात असते." सासूबाईंनी ऐकलं. भावजींनी मान खाली घातली. निदान भांडायचं तरी!

१५ मार्च

दुकानाचा फोन आता घरी लागतो. कोणीतरी विचारलं, आहेत का? म्हटलं, बाहेर गेलेत.

१८ मार्च

भावजींची बोटं मिटत नाहीत. त्या दिवशी वरवर टाके घालून घेतले आणि पळाले. पुन्हा दाखवायला गेलेच नाहीत. आता घासही डाव्या हाताने. सासूबाई म्हणाल्या, तू घेऊन जा. मी म्हटलं, मी जाणार नाही. त्या उठून बसल्या, किती दिवसांनी. म्हणाल्या, "एक गेला. दुसऱ्याचा हात तरी राहू दे."

जाते.

२० मार्च

पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई. उद्या सकाळी शस्त्रक्रिया. मदतनिसाला सांगत होत्या – आधी हात एक्सँग्विनेट करायचा. मी खुर्चीवरून उठलेच. म्हटलं, घरच्या याही माणसाचं रक्त संपवणार का?

बाईंनी मला पाणी दिलं. शब्द तोच, म्हणाल्या, पण काम उलटं. हात उंच धरायचा, बोटांपासून वर रबरी पट्टी घट्ट गुंडाळत न्यायची. हातातलं रक्त वर शरीरात जातं. मग दंडाला पट्टा आवळून ते तिथेच अडवायचं. हात कोरडा झाला की आतलं नीट दिसतं. शिवून झालं की पट्टा सोडायचा. रक्त परत खाली येतं.

परत येतं! हे ऐकून मी तिथेच रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा धड रडले, तेही परक्या टेबलावर डोकं टेकून.

मग भावजींचा तळवा उलटा करून बाई म्हणाल्या, इतके दिवस का थांबलात? बोटं वळवणाऱ्या दोऱ्याच तुटल्यात. काच लागली त्याच क्षणी हा हात गेला. तेव्हापासून यांना साधी टाचणीही चिमटीत धरता आली नसणार.

मी हाताकडे बघत राहिले. मग भावजींकडे. त्यांनी हात हळूच मागे घेतला.

घरी येईपर्यंत 'याच हाताने' एवढंच डोक्यात फिरत होतं. विचारायची भीती वाटत होती.

२१ मार्च

हात शिवून झाला. खाटेशेजारी बसले आणि विचारलं, काच कोणी ओढली?

भावजींनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "दादानेच. मी थांब थांब म्हणत होतो. तर म्हणाला, काच काय पाहुणी आहे... आणि हसला, वहिनी."