देवळामागचा रोहू

४ जानेवारी, रविवार
डॉक्टर म्हणाले, हृदयात स्टेंट टाकलेल्या माणसाने टेन्शन घ्यायचं नाही आणि एखादा शांत छंद लावून घ्यायचा. मोहिनीने, म्हणजे बायकोने, लगेच नालवाडीचं भजनी मंडळ सुचवलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी यूट्यूबवर एक गोरा माणूस तळ्याकाठी गळ टाकून बसलेला पाहिला. पूर्ण व्हिडिओभर बसला होता. शेवटी मासा आला तेव्हा हसलाही नाही, फक्त मान हलवली. ठरलं. स्पोर्ट फिशिंग. वर्धा जिल्ह्यात हा खेळ माझ्या माहितीत कोणी खेळत नाही. म्हणजे सुरुवात केली त्याच दिवसापासून जिल्ह्यात पहिला नंबर.

मोहिनीला सांगितलं. ती म्हणाली, मासे बाजारात मिळतात. तिला ‘स्पोर्ट’ म्हणजे काय ते नीट समजावून दिलं. ती पोळ्या लाटत राहिली.

७ जानेवारी, बुधवार
रॉड आला. ऑफिसच्या पत्त्यावर मागवला होता. साहेबांनी विचारलं, पडद्याचा आहे का. क्षमा केली.

लंच टाइममध्ये स्टाफला थ्रोचं प्रात्यक्षिक दाखवलं. गळ समोरच्या टेबलावरच्या एका फाइलीत अडकला आणि फाइल उडून माझ्याकडे आली. ती फाइल दिवाळीपासून कोणी जागची हलवू शकलं नव्हतं. हातात गुण आहे.

९ जानेवारी, शुक्रवार
माशांचा अभ्यास. धरणात रोहू, कतला, मरळ, शिंगाडा, चिलापी, वाम. कतल्याचं डोकं मोठं, आत विशेष काही नसावं, आमच्या साहेबांसारखं. मरळ चिडका. चिलापी आगाऊ, कुठेही घुसते. वाम सापासारखी दिसते, तिच्या वाटेला जाणार नाही. रोहू मात्र घरंदाज. तोंड खाली, खाणं सावकाश, वागणं मापात. माझी लढत रोहूशी.

११ जानेवारी, रविवार
धरणावर गेलो. आंजीच्या थोडं पुढे, म्हणजे सासुरवाडीच्या अंगणातच. मच्छीमार सोसायटीच्या रामाजींकडून रीतसर परवानगी घेतली. ते म्हणाले, “गळ कुठंबी टाका साहेब. फक्त देवळामांगं नका जाऊ.”

मी न कळल्यासारखं हसलो. पण कळायचं ते कळलं. सगळा माल देवळामागे आहे.

आजची मिळकत: स्वतःची टोपी, दोनदा. एक झिंगा, पण तो गळाला लागला नव्हता, दोऱ्यावर बसला होता. पहिल्या दिवसाच्या मानाने उत्तम.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. आंजीला सासूबाईंकडे तिळगूळ. साडूही सहकुटुंब हजर. कैलासभाऊ. यांच्याबद्दल एकदा लिहूनच टाकतो. मागच्या वर्षी माझ्या छातीत दुखलं तेव्हा यांनीच गाडी नागपूरपर्यंत अशी मारली की डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. उपकार आहेत. पण माणूस ते विसरू देत नाही. म्हणजे बोलून दाखवत नाही, तेच जास्त खुपतं. बोलून दाखवलं असतं तर भांडता आलं असतं.

दरवर्षी सासूबाईंच्या शेतात पानग्यांची पार्टी असते. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे, वांग्याची भाजी, सगळं कैलासभाऊंच्या हातचं. मागच्या पार्टीत मला आंब्याखाली खाटेवर निजवलं, उशी दिली, आणि सगळी पंगत चापून जेवत असताना मुगाची खिचडी भरवली. चमच्याने. नंदिनीताई, म्हणजे मेहुणी, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून हळू आवाजात सांगत होत्या. मी मेलेलो नाही, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षातच नव्हतं.

यंदा पार्टी २२ फेब्रुवारीला. सगळे बसले असताना मी जाहीर केलं की यंदा पंगतीला मासा असेल, धरणातला, मी स्वतः पकडलेला, आणि मी खाटेवर नाही, पंगतीत बसेन. मग सासूबाईंनी विचारलं, “दम लागत नाई ना बापू तिकडं?”

या घराला मी पुन्हा धडधाकट करून दाखवणार आहे. म्हणजे मला.

१८ जानेवारी, रविवार
मासा नाही. वारा उलटा होता.

१९ जानेवारी, सोमवार
आत्मपरीक्षण केलं. चूक वाऱ्याची.

२५ जानेवारी, रविवार
मोठा शोध!

काल रात्री आंजीलाच मुक्काम. सकाळी चहा शोधताना सासूबाईंच्या स्वयंपाकघरात डबा सापडला. आत कणकेच्या गोळ्या, गूळ आणि चिमूटभर हळद घालून मळलेल्या. मोहिनीला विचारलं तर म्हणाली, आई शनिवारी देवळात घेऊन जाते, कालच्या उरल्या असतील. हल्ली सासूबाईंचा देवधर्म फार वाढला आहे. चालायचंच, वय झालं.

मूठभर गोळ्या खिशात घातल्या आणि थेट देवळामागे गेलो. पाण्यात उतरत्या पायऱ्या, कोणी नाही. आणि काय सांगू! गळ टाकायच्या आधीच, नुसती माझी सावली पाण्यावर पडली तोच मासे वर आले. तोंडं उघडून. रांगेत. यूट्यूबवरच्या गोऱ्यालाही असं कधी झालेलं नाही. काही माणसांमध्ये ओढच असते.

त्यातला एक तर अबब. बाकीचे त्याला वाट करून देतात. रोहू. गळाला लागला, एक झटका, दोरा तुटला. बीपी पाहिलं, नॉर्मल. डॉक्टर बरोबर म्हणाले होते.

१ फेब्रुवारी, रविवार
जाड दोरा. कणकेचा फॉर्म्युला घरी तयार केला. यापुढे याला माझा फॉर्म्युला म्हणायला हरकत नाही.

त्या मोठ्या रोहूने सगळ्या गोळ्या खाल्ल्या, गळ तेवढा सोडून. चलाख आहे. रामाजी वाटेत भेटले, विचारू लागले, तिकडं काऊन गेलते. मॉर्निंग वॉक, म्हणालो. त्यांनी माझ्या हातातल्या रॉडकडे पाहिलं. काठी, म्हणालो.

८ फेब्रुवारी, रविवार
आज एक विलक्षण निरीक्षण. पाण्यात हात घातला तर मासे हाताला येऊन चाटायला लागले! माणसाचं भय असं नाहीच. याचा अर्थ एकच, या जागी आजवर माणूस फिरकलेलाच नाही. (पायऱ्यांवर जुन्या अगरबत्त्या आणि एक तांब्या होता. पाण्याबरोबर वाहून आला असावा.)

मोठ्याच्या शेपटीचा वरचा तुकडा गेलेला आहे. आता गर्दीतही ओळखतो त्याला. मनात त्याच्याबद्दल आदर आहे, पण भाजीत टोमॅटो घालावा की चिंच, हेही सोबत चाललेलं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाशिवरात्र. देवळात ही गर्दी. घाटावर बायका बसलेल्या, सासूबाई त्यात दिसल्या. लांबूनच मागे फिरलो. उपवासाचे शेंगदाणे जास्त झाले. पुढच्या रविवारी नाही तर कधीच नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
लागला.

लागला! मोठा, तोच, तुटक्या शेपटीचा. सगळी ताकद लावली. दम लागला नाही. म्हणजे लागला, पण आनंदाचा. जाळीने उचलून टबात घातला, ऑटोवाल्याच्या मदतीने. ताजा राहावा म्हणून जिवंतच नेतो आहे. ऑटोत बसून लिहितो आहे, अक्षर हलतं त्याला रस्ता जबाबदार. टबात तो मला एकटक पाहतो आहे. दोन मर्द.

तोच दिवस, संध्याकाळी
जमेल तसं लिहितो.

शेतात पोचलो तेव्हा गोवऱ्या पेटलेल्या होत्या. टब उतरवला. सगळे धावत आले. नंदिनीताईंनी फोटो काढला. कैलासभाऊ हातातली कणीक पुसून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. “मानलं बॉस,” म्हणाले. मोहिनी माझ्याकडे लग्नात पाहिलं होतं तसं पाहत होती. हा क्षण मी जगलो. कोणी तो माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

मग विहिरीवरून सासूबाई आल्या. वाकून टबात पाहिलं. पाण्यात हात घातला, आणि तो एवढा मोठा मासा त्यांच्या तळहाताला येऊन तोंड उघडून उभा राहिला.

“हा तं पाटील आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि मातीतच बसल्या.

मला वाटलं भीती वाटली असेल. मी म्हणालो, आई, रोहू आहे, चावत नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. रडत नव्हत्या, अगदी सरळ आवाजात सांगितलं.

“तुमाले नागपूरले नेलं, त्या शनिवारपासून मी याले खाऊ घालून राह्यली. देवळामांगं. हा सगळ्याइच्या आंधी खाते म्हून पाटील म्हणतो आमी त्याले. कबूल केलतं मी देवाले, जोवर हा माह्या हातचं खाईन, तोवर माहे जवाई ताटावर बसून जेवतीन.”

मग सगळ्यांनी टबात पाहिलं. पाटील आडवा होत होता.

मी विज्ञान मानणारा माणूस आहे. हे सगळं अंधश्रद्धा आहे हे मला माहीत आहे. तरी माझा हात आपोआप मनगटावर गेला आणि मी नाडी मोजायला लागलो.

पुढचं सगळं एकदमच झालं. कैलासभाऊ ओरडले, गाडी काढतो. टब मागच्या सीटवर, एका बाजूने मोहिनी, एका बाजूने मी, पुढे सासूबाई. कैलासभाऊंनी गाडी अशी मारली की मला मागचं वर्ष आठवलं. म्हणजे मला तेव्हाचं काही आठवत नाही, पण अशीच मारली असणार. टबातलं पाणी माझ्या मांडीवर. मोहिनी पाटलाच्या तोंडाशी लोट्याने पाणी ओतत होती आणि रडत होती, आणि ओरडत होती की श्वास घ्या, श्वास घ्या. मासा की मी, कळेना. दोघांनीही घेतला.

घाटावर कैलासभाऊ पॅंटसकट पाण्यात उतरले. दोन्ही हातांनी पाटलाला उभा धरून हळूहळू पुढे-मागे करत राहिले. तो हलेना. माझ्या छातीत खरोखर काहीतरी झालं. पायरीवर बसलो. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, माशाकडेही नाही, देवळाच्या कळसाकडे बघत होत्या.

मग शेपटी हलली. तुटकी शेपटी. एकदा, मग पुन्हा. आणि तो कैलासभाऊंच्या हातांतून सुटून काळ्या पाण्यात गेला.

मी रडलो. लिहून टाकतो, हे वाचणार कोण आहे. कैलासभाऊ ओल्या पॅंटने शेजारी येऊन बसले आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला. आता यांचे दोन उपकार झाले. आश्चर्य म्हणजे या वेळी ते खुपलं नाही.

शेतात परत आल्यावर कोणी सांगायच्या आधी मीच खाटेवर जाऊन पडलो. पानगे खाल्ले. तोंडी लावायला मासा नव्हता, पण कोणी त्याचं नाव काढलं नाही. मोठ्या मनाची माणसं आहेत.

२३ फेब्रुवारी, सोमवार
शांतपणे विचार केला. पकडून जिवंत सोडणं हाच खऱ्या स्पोर्टचा सर्वोच्च प्रकार मानतात. त्या दृष्टीने कालचा दिवस संपूर्ण यशस्वी. ऑफिसात तसंच सांगितलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
रात्री मोहिनी दोन वेळा उठून माझा श्वास चालू आहे ना ते पाहून गेली. तिला काळजी वाटते, कारण पाटील जखमी आहे आणि शनिवारी खाईल की नाही सांगता येत नाही. मी तिला म्हटलं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. जेवण मात्र कमीच गेलं.

रॉड रामाजींना द्यायला गेलो. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, याचा आमाले काय उपयोग, पडद्याले लावा. सगळ्यांना एकच सुचतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सासूबाईंसोबत घाटावर गेलो. कणीक मीच मळली होती, गूळ थोडा जास्तच. मनाशी ठरवलं होतं की आज पाटलाला माझ्या हाताने भरवायचं आणि हा विषय संपवायचा.

पायरीवर बसलो. गोळी टाकली. ती बुडाली. दुसरी टाकली, तीही बुडाली. पाणी नुसतं स्वच्छ, एक मासा नाही. चिलापीसुद्धा नाही, जी कुठेही घुसते. सासूबाई बराच वेळ थांबल्या. त्यांचे ओठ हलत होते. मला घाम आला. सासूबाई घाबरल्या आहेत हे मला दिसत होतं आणि त्यांना ते माझ्यापासून लपवायचं होतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, “बापू, तुमी जरा तिकडं सरका. तुमची सावली पडून राह्यली पाण्यावर.”

मी उठलो. पाटील मला ओळखतो, ही काही लहानसहान गोष्ट नाही, धरणातल्या एवढ्या माशांमध्ये माझं नाव झालं, असं म्हणालो. मी देवळाच्या भिंतीआड जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळाने पाण्यात चुबुक आवाज झाला. मग आणखी एक. डोकावून पाहायची फार इच्छा झाली, पण पाहिलं नाही. भिंतीआडून सासूबाईंचा आवाज तेवढा ऐकू येत होता. एकेक गोळी टाकत होत्या आणि प्रत्येक गोळीला माझं नाव घेत होत्या.