आकडा मनात धरा

॥ श्री ॥

दीक्षितपुरा, जबलपूर
रविवार, ता. १२ डिसेंबर १९६५

चि. विनयभावजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र परवा पोचलं. जानेवारीत सुट्टी मिळेल असं तुम्ही लिहिलंत, तेवढं वाचून प्रतिमा पत्र घेऊन गल्लीभर हिंडून आली. आता दूधवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालंय की तिचा काका फौजेतून येतोय. मी पाठवलेले लोकरी मोजे मिळाले का? त्यातला एक जरा लांब झालाय ते मला माहीत आहे. तुमच्या सोबतच्यांना दाखवून हसू नका.

इकडे थंडी चांगली पडली आहे. शहपुऱ्याचा मटार बाजारात आल्यापासून घरात दुसरी भाजी नाही. लढाई थांबली म्हणतात, पण तोफगाड्यांच्या कारखान्याचा पहाटेचा भोंगा होता तसाच आहे, ओव्हरटाइम तसाच आहे, आणि भोंगा झाला की गल्लीतून सायकली निघतात त्याही तशाच. आपल्या घरातून मात्र सायकल निघत नाही.

दोन महिने दादांच्या हातची एक ओळ काहून नाही, असं तुम्ही विचारलंत. मी मागे लिहिलं होतं की ते सायकलवरून पडले, थोडं खरचटलं, काळजी नको. खरचटलं होतं हे खरं आहे. कोपर खरचटलं होतं. बाकीचं मी लिहिलं नाही, कारण तुम्ही तिकडे खंदकात बसलेले, आणि मला वाटायचं आठ-पंधरा दिवसांत सगळं ठीक होईल, मग लिहू.

सप्टेंबरात इथे दिवे बंद करायचा हुकूम होता. सायकलच्या दिव्यालाही काळा कागद लावायचा. संध्याकाळच्या पाळीचे लोक सगळे अंधारातच घरी यायचे, घंटी वाजवत. त्यात एक दिवस घमापूरच्या पुढे कोणीतरी बैलगाडी रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवलेली. ना कंदील, ना काही. तुमचे दादा सरळ त्या गाडीवर गेले. त्यांच्या खात्यातले गणपतराव मागून येत होते म्हणून बरं, त्यांनी टांग्यात घालून इस्पितळात नेलं. चार दिवस यांना शुद्ध नव्हती. लढाईवर गेलात तुम्ही आणि डोकं फुटलं यांचं. असं म्हणून मी पहिल्यांदा हसले आणि मग सत्यवतीदीदींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. दीदी म्हणजे शेजारच्या, तुम्ही गेल्यावर राहायला आल्या. त्यांचे यजमानही कारखान्यातच आहेत.

आता चालतात, फिरतात, जेवतात. माणसं ओळखतात. तुमच्या लहानपणच्या खोड्या नावानिशी सांगतात. पण भावजी, त्यांचे आकडे गेले.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. ज्या माणसाला अख्खा दीक्षितपुरा आकड्यांचा जादूगार म्हणायचा, त्याला आता घड्याळात किती वाजले ते सांगताना घाम फुटतो. प्रतिमाचे पाढे सुरू झाले की ते उठून अंगणात जातात. डॉक्टर म्हणतात मेंदूला मार आहे, परत येईल, न येईल, काही सांगता येत नाही. फेब्रुवारीत कारखान्याचे डॉक्टर तपासतील, तोवर रजा आहे. त्यापुढचं मी विचारत नाही.

तुम्हाला आठवतं ना, गणपतीत आरती झाली की सगळे त्यांना घेरायचे? मनात एक आकडा धरा. दुप्पट करा. दहा मिळवा. निम्मे करा. आता पहिला आकडा वजा करा. उत्तर पाच! तुम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. सगळे तोंडात बोटं घालायचे आणि तुम्ही एकटे ओरडायचात, "चूक!" बरोबर असलं तरी चूक. एकदा दादाला चकवायचं म्हणून साडेतीन धरलं होतंत. तरी उत्तर पाचच आलं, तेव्हा पाय आपटत जाऊन आईंच्या पलंगाखाली बसलात. दादा वाकून वाकून हसत होते. कोपरावर साबणाने आकडा लिहून ठेवायचा आणि मग राख चोळून तो दाखवायचा, तेही तुम्हीच उघडकीला आणलंत, साबण कमी झाला म्हणून.

या सप्टेंबरातही, पडायच्या आधी, हल्ल्याचा भोंगा झाला आणि दिवे गेले की शेजारपाजारचे आपल्या ओसरीवर जमायचे. या खेळाला ना पत्ते लागतात ना उजेड. अंधारात यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा आणि मग "अरे वाह!" पोरं विमानाला घाबरायची विसरून जायची. मला कौतुक वाटायचं हो. चौदा वर्षांनीही वाटायचं.

दिवाळीत फराळाला सगळे आले. हे उशीला टेकून बसले होते, डोक्याचे केस अजून वाढायचे होते. एकदम म्हणाले, "चला, मनात एक आकडा धरा." मी हातातलं ताट खाली ठेवलं. दुप्पट करा, म्हणाले. दहा मिळवा, म्हणाले. मग थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. आणि म्हणाले, "आता पहिला आकडा वजा करा. उत्तर पाच."

निम्मे करायचं राहिलं होतं. कोणाचंच उत्तर पाच येणं शक्य नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात सत्यवतीदीदी मोठ्यांदा म्हणाल्या, "बिल्कुल सही, विष्णू भैया! पाँच ही आया!" मग गणपतराव म्हणाले माझंही पाच. मग सगळेच. आणि हे हसले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही पाचच म्हटलं असतं.

तेव्हापासून हे रोजचं झालं. भेटायला कोणी आलं की मी दारातच कानात सांगते, काहीही विचारलं तरी बरोबर म्हणा. पायऱ्या कधी गाळतात, कधी दोनदा घेतात, कधी उत्तर अकरा म्हणतात. पोस्टमन तर आकडा न धरताच "सही है बाबूजी" म्हणून निघून जातो, त्याला घाई असते.

प्रतिमाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "बाबा, निम्मे करायचं राहिलं." यांचा चेहरा उतरला. मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि थोबाडीत दिली. पोर खरं बोलली, म्हणून मारलं. वर म्हटलं, रडायचं नाही, आवाज बाहेर जाईल. ती रडली नाही. आता बाबांनी उत्तर सांगायच्या आधीच ती "बरोबर" म्हणते आणि माझ्याकडे बघते. ती बघते तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं.

तर भावजी, विनंती ही की तुम्ही याल तेव्हा ते तुम्हालाही आकडा धरायला सांगतील. तुमचीच वाट बघताहेत, रोज विचारतात विन्या कधी येतो. तुम्हाला जुनी सवय आहे. ती सवय यावेळी घराबाहेर ठेवून या. काहीही उत्तर सांगितलं तरी बरोबर म्हणा. एवढं माझ्यासाठी करा.

मंगळवार, दुपार

पत्र टाकायचं राहिलं. राहिलं ते बरंच झालं.

आज सकाळी आम्ही दोघं अंगणात उन्हाला मटार सोलत बसलो होतो. सोलायच्या आधी शेंग अंगठ्याने दाबायची आणि आत दाणे किती ते सांगायचं, ही त्यांची जुनी खोड. पूर्वी हटकून जमायचं. त्यांनी एक शेंग दाबली, म्हणाले, "नऊ," आणि माझ्या हातात दिली. मी ती सोलली. नजर पातेल्याकडे. तोंडातून सवयीने गेलं, "बरोबर, नऊच."

शेंग उघडी माझ्या तळहातावर होती.

त्यांनी माझा हात धरून जवळ ओढला. एकेका दाण्यावर बोट ठेवत गेले, अगदी सावकाश, प्रतिमा पहिलीत मोजायची तसे. म्हणाले, "हेमा, हे पाच आहेत."

माझी मान वर होईना.

"काहून खोटं बोलून राहिली तू?"

चुकून म्हटलं, असं मी म्हणाले. "चुकून नाही," ते म्हणाले. "वर्ध्यालाही तू असंच म्हटलं होतं."

भावजी, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. वर्ध्याला हे मला बघायला आले होते. पोहे झाले, आणि यांनी सगळ्यांदेखत मला आकडा धरायला सांगितलं. हुशार दिसावं म्हणून मी सदतीस धरला. वजाबाकीत हातचा विसरले आणि माझं उत्तर आलं पंधरा. हे म्हणाले पाच. मला वाटलं, बिचाऱ्याचं चुकलं, चारचौघांत हसं व्हायला नको. म्हणून मान खाली घालून ठासून म्हटलं, "बरोबर!" सगळे गेल्यावर चुलीपुढे कोळशाने पुन्हा मांडून बघितलं, तेव्हा कळलं की चुकले होते मी. पण तोवर लग्न ठरलं होतं.

"तुझं पाच नव्हतं आलं, तोंडावरूनच समजलं होतं मला," हे म्हणाले. "नजर खाली आणि आवाज मोठा. म्हटलं, ही पोरगी चांगली आहे, हिलाच करू. पण दिवाळीपासून सगळ्यांचीच तोंडं तशी दिसून राहिली. सत्यवतीचं, गणपतचं. पोरीचंही."

"मग बोलला काहून नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही सगळे इतके खूश होऊन राहिले होते. म्हटलं, चालू द्या."

आम्ही त्यांच्यासाठी नाटक करत होतो आणि ते आमच्यासाठी. दोन महिने. मी तिथेच पदर तोंडावर घेऊन रडले. ते बाकीचा मटार सोलत राहिले. मग म्हणाले, "बरोबर म्हणणाऱ्यांकडून मी काय शिकू? कुठे चुकलो ते कोणी सांगतच नाही. विन्या येऊ दे. त्याला काही लिहू नको. त्याला चूक म्हणता येते."

लिहू नको म्हणाले, तरी लिहिते आहे, कारण रविवारचं पान तुम्हाला पोचलं असतं तर त्यांचा तोही आधार मी घालवला असता. ते पान मी फाडणार होते. मग राहू दिलं. आम्ही इथे काय करत होतो ते घरातल्या एका माणसाला तरी कळावं.

जेवण झाल्यावर मी मन घट्ट करून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, घ्या, विचारा मला. त्यांनी विचारलं. पायरी पुन्हा गळली. मी "चूक" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं, म्हणाले, "राहू दे." प्रतिमाला मी जवळ घेऊन सांगितलं की आता खरं बोललीस तरी चालेल. ती म्हणाली, "बरोबर." भावजी, त्या पोरीला मी काय करून ठेवलंय ते मला आज समजलं.

तुमच्या येण्याने त्यांचे आकडे परत येतील असं मी धरून चाललेली नाही. डॉक्टरांचे शब्द मी विसरलेले नाही, आणि फेब्रुवारीही कोणासाठी थांबणार नाही. कदाचित तुम्ही रोज सांगाल आणि ते रोज चुकतील. पण या घरात एका माणसाने तरी त्यांच्याशी खरं बोलायला पाहिजे, आणि ते आम्हा मायलेकींना आता जमत नाही.

तेव्हा या. पाय धुवा, चहा घ्या, खोव्याची जिलबी आणून ठेवते ती खा. मग ते म्हणतीलच, मनात एक आकडा धर. चुकले तर चूक म्हणा, लहानपणी ओरडायचात तसं, मोठ्याने. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असेन, मला त्यांच्याकडे बघवणार नाही. प्रतिमाला मात्र जवळ बसवून घ्या. तिला ते ऐकू द्या.

आकडा फक्त सोपा धरा, भावजी. साडेतीन नको.

तुमची,
बरोबर म्हणून म्हणून थकलेली
हेमलतावहिनी