कॉम्प्युटरवर विभूती उमटेना

गेवराई,
मार्च २००२

तीर्थरूप मामांच्या पायी शिवशरणचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

इकडे सगळे ठीक, असे लिहायचे असते म्हणून लिहितो. गुडघा कसा आहे? दिंद्रुडला दुकानाची पायरी चढताना दुखतो का? (उत्तर सवडीने द्या, मला इथे सवड नाही.)

सोमवारी मल्लम्मामामीचे पहिले पुण्यस्मरण आणि तसबिरीचे काम माझ्या गळ्यात. तुम्ही बजावले होते, "कावून शानपना करतो? ऑइलपेंटमधी काढ." पण मी पडलो गेवराईचा पहिला कॉम्प्युटर पेंटर! पाट्या रंगवायचे ब्रशसुद्धा तोऱ्यात तुमच्या दुकानी तराजूची पारडी झाडायला देऊन आलो. तर या कॉम्प्युटरात वॉटरकलरचा ब्रश असतो. माऊस फिरवला की रंग ओल्या कागदावर पसरावा तसा पसरत जातो. तो वाळावा म्हणून मी पंखा लावून बसलो (हसू नका, तुम्हीही लावला असता). तेवढ्यात वीज गेली, केलेले काम गेले आणि मी चक्क रडलो.

पुन्हा काढली. डोळे जमले, हसताना वाकडा होणारा ओठ जमला, कुंकू उमटले. आता विभूती. पाटीवर आमचा पांढरा रंग नेहमी शेवटी, म्हणून शेवटी पट्टे ओढायला गेलो, तर काहीच उमटेना! कॉम्प्युटर शिकवणारा राधाकिशन म्हणतो, "वॉटरकलरमधी पांढरा नसतोय बे. तेवढी जागा आदीच कोरी सोडायची." कोरी सोडली, तर कपाळाचा रंग पाझरून तिच्यात शिरला. दुसऱ्या ब्रशाने पांढरे दिले, तर चुना थापल्यासारखे दिसले. शेवटी तुमच्या भाचेसुनेने, रुद्राणीने, वैतागून देव्हाऱ्यातली विभूती घेतली आणि स्क्रीनच्या काचेवरच तीन बोटे ओढली. मामा, मामी समोर येऊन बसली हो! शेजारच्या चंद्रभागाबाई हात जोडून गेल्या. मी आनंदाने प्रिंट काढली आणि (कोणाला सांगू नका) कागदावर विभूती शोधत बसलो.

आंघोळ झाली की आधी विभूती, मग चूल. विभूतीविना मामीला मी कधी पाहिलेच नाही. अशी तसबीर भिंतीला लावायला हात होत नाही. बसवत नाही, उठवत नाही, रुद्राणी म्हणते तुमची घरात भिंगरी झालीय. पत्र हरिबाच्या जीपने पाठवतोय. रुद्राणीचाही नमस्कार.

आपला भाचा,
शिवशरण

ता. क. रविवारी प्रिंट घेऊन येतो. विभूती तुम्हीच लावा. रोज ती तुमच्या कपाळी लावायची, आता तुम्ही तिच्या. बोटे मात्र कोरडी असू द्या. ही शाई पाण्याने फुटते, आणि तुमचे डोळे लगेच भरतात हे मला ठाऊक आहे.

पुन्हा ता. क. माझेही भरतात. प्रिंट राहू द्या. ते ब्रश पारड्यांवरून काढून रॉकेलमध्ये भिजत घाला आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा आणून ठेवा. बाकीचे रंग घेऊन रविवारी नाही, उद्याच येतो.