तीन माणसांचा विभाग

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे असं तू लिहितेस, पण अक्षर पडल्या पडल्या लिहिल्यासारखं दिसतं. खरं काय ते कळव.

आता माझी बातमी. तुझा भाऊ विद्यापीठाच्या अध्यापक सभेचा अध्यक्ष झाला. तुझी वहिनी म्हणते, घरात ज्याचं कोणी ऐकत नाही त्यालाच लोक बाहेर अध्यक्ष करतात. तिचं काही मनावर घेऊ नकोस, पेढ्यांऐवजी तिने मला दूधवाल्याकडे पिटाळलं.

पण ताई, यंदाची सभा नुसती नावाची नाही. इतकी वर्षं पैशाचे निर्णय कुलगुरू आणि त्यांचे दोन अधिकारी दार लावून घ्यायचे आणि आम्हाला नंतर परिपत्रक यायचं. त्याविरुद्ध आम्ही किती भांडलो ते तुला माहीत आहे, माझ्या निम्म्या सुट्ट्या त्यात गेल्या. आता नियमच झाला आहे: अध्यापक सभेने मतदान केल्याशिवाय एकही विभाग उघडायचा नाही की बंद करायचा नाही.

बहिऱ्यांच्या शिक्षण विभागातल्या तुझ्या जुन्या बाई, मुदतवाढीवर अजून आहेत त्या, मुद्दाम जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आल्या. दम लागला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, आता आमच्यासारख्या लहानांना वाली मिळाला. बरोबर त्यांच्याच विभागातले छोटे सर होते. ते नुसते हसले आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारून गेले. अजून दुखते आहे.

पत्राला उशीर करू नकोस. लोभ आहेच, तो न लिहिण्याइतका जुना होऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा


२९ जून

चि. अध्यक्षमहाराजांस,
अ. उ. आ.

गुडघ्याचं तू ओळखलंस. पडले होते, आता हिंडते. वर्गात खुर्ची घेऊन बसते तर पोरं खुर्चीवर बसून माझी नक्कल करतात. बहिऱ्या मुलांइतकी हुबेहूब नक्कल जगात कोणी करत नाही. मी लंगडते तेही त्यांनी सोडलेलं नाही.

तुझी बातमी वाचून आनंद झाला. आई असती तर तिने गल्लीभर सांगितलं असतं. मी फक्त शेजारणीला सांगितलं, तिने गल्लीभर सांगितलं.

बाई जिना चढून आल्या हे वाचून मात्र गलबललं. तुला ते तीन माणसांचं खातं वाटत असेल, पण बहिऱ्यांना शिकवायला शिकवणारं दुसरं ठिकाण आपल्याकडे आहे कुठे? मी तिथेच शिकले. माझ्या शाळेतली प्रत्येक शिक्षिका तिथून आली. आणि छोटे सर तर माझ्या पहिल्या वर्गातले. आले तेव्हा टेबलाखालून बाहेर यायचे नाहीत. आता इतरांना शिकवतात. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, तेव्हा माझ्या जागी त्यांचीच कोणीतरी विद्यार्थिनी येईल. त्या भरवशावर मी गुडघा रेटते आहे.

एक सांगते, राग मानू नकोस. आजवर निर्णय दुसऱ्याचा होता, म्हणून तुला शिव्या देता येत होत्या. आता जे होईल त्याला तुझाही हात लागणार. सांभाळून.

वहिनीला सांग, तिचं म्हणणं मला पटलं. कळावे, आणि माया कमी झाली तर तसंही कळावे.

तुझी,
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, म्हणूनच लिहिलं नाही.

सरकारने अनुदान कापलं. कुलगुरूंनी मला बोलावून चहा दिला. फार नम्र माणूस, मला दार उघडून आत घेतलं. म्हणाले, तूट एवढी आहे की विभाग बंद केल्याशिवाय भागणार नाही. कुठला, ते मी ठरवणार नाही, तुमचा हक्क आहे, सभेने ठरवावं. सभेला जमत नसेल तर तसं लेखी कळवा, म्हणजे पूर्वीसारखं मी ठरवीन, पण मग पुन्हा हक्काची भाषा करू नका. हे सगळं त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवत सांगितलं.

खोलीतून बाहेर आलो तेव्हा तुझं ते हात लागण्याचं वाक्य आठवलं.

पण मी हातपाय गाळलेले नाहीत. मी एक योजना केली आहे. प्रत्येकाने थोडी पगारवाढ सोडायची, एक तास जास्त शिकवायचा, रिकाम्या जागा दोन वर्षं भरायच्या नाहीत. सगळ्यांनी थोडं थोडं ओझं उचललं तर कोणाचंच घर मोडत नाही. हे काही अर्थशास्त्र नाही, बिऱ्हाड हलवायची साधी रीत आहे. इतिहासवाला दाढीवाला म्हणतो, तुझा माणसांवर फार विश्वास. मी म्हटलं, सहकारी आहेत, चोर नाहीत.

बाईंना यातलं काही कळवू नकोस. उगीच घोर लागेल. इकडे सगळे ठीक. लोभ आहे तसाच असू दे, सध्या त्याचाच आधार आहे.

तुझा,
धाकटा


२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून दोन वेळा घडी घातली आणि दोन वेळा उलगडली. तू विभागाचं नाव लिहिलं नाहीस. नुसतं लिहिलंस की बाईंना कळवू नकोस. मी चाळीस वर्षं न बोललेलं समजून घ्यायचंच काम केलं आहे रे.

मी बाईंना काही विचारलेलं नाही. त्यांचं पत्र आलं, त्यात नव्या आरशांबद्दल होतं. मोठे आरसे मागवले आहेत, सरावाला येणाऱ्या मुलांना बोलताना स्वतःचं तोंड नीट दिसायला. मी उत्तरात आरशांबद्दलच लिहिलं.

तुझी योजना चांगली आहे. माझा एका महिन्याचा पगार घालून चालत असेल तर घाल, पण तसं चालत नसणार. वेळेवर जेव.

तुझी,
ताई


१९ डिसेंबर

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते आहे. त्यांना न विचारता लिहिते, तेव्हा ओरडायचं तर मला ओरडा.

सभा गेल्या आठवड्यात झाली. यांची योजना सगळ्यांना आवडली. एकेकाने उठून कौतुक केलं. एक जण तर म्हणाले, असा विचार करणारा अध्यक्ष आपल्याला मिळाला हे आपलं भाग्य. मग मतदान झालं आणि योजना पडली. यांना वाटलं मोजण्यात चूक झाली, म्हणून परत हात वर करायला सांगितले. परत तेवढेच.

मग कोणीतरी म्हणालं की लहानातला लहान विभाग बंद केला तर कमीत कमी लोकांना त्रास होईल. पुढे फार कोणी बोललंच नाही म्हणे. बाई उठून बोलल्या, चांगल्या बोलल्या. पण ताई, त्यांच्या बाजूने हात वर करायला त्यांचे तिघेच, आणखी दाढीवाले सर, हे, आणि इकडचे तिकडचे काही. बाकीचे सगळे वाईट मनाचे आहेत असंही नाही. ज्याला त्याला वाटलं, आपला वाचला.

यांना तो विषय मतदानाला न घेता सभा उधळता आली असती. तसं केलं असतं तर अधिकार परत कुलगुरूंकडे गेला असता. ज्याच्यासाठी इतकी वर्षं घालवली ते आपल्या हाताने परत करणं यांच्याने झालं नाही. मग निकाल यांनाच वाचावा लागला.

तेव्हापासून ताटात वाढलेलं तसंच राहतं. काल यांनीच मला विचारलं, एवढं भांडून मिळवलं ते कशासाठी. त्यांनी तुम्हाला तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि ‘ती. ताईस’च्या पुढे गेले नाहीत.

तुम्ही रागावलात तरी दोन ओळी लिहा. रागावलेल्याही चालतील.

आपली,
वहिनी


२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वहिनीचं पत्र मिळालं. तिला ओरडू नकोस. मी रागावले होते, म्हणून इतके दिवस गप्प बसले. राग गेला असं नाही, पण आपण दोघंच उरलो आहोत आणि अबोला धरण्याइतकं वय माझं राहिलेलं नाही.

गेल्या रविवारी मी बाईंकडे जाऊन आले. तू मतदान कोणत्या बाजूने केलंस ते त्यांना माहीत आहे. तुझ्याबद्दल त्या एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली ती तुला माहीत नसणार, आणि ती मीच सांगायला हवी.

छोट्या सरांना सभेत काय चाललंय ते बाई समोर बसून हातांनी सांगतात. आणि बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर ते ओठांवरूनही समजून घेतात, ते मीच त्यांना शिकवलं आहे. ते पहिल्या रांगेत बसतात, त्यामुळे मागे कोणी कशाला हात वर केले ते त्यांना दिसलं नाही, आणि त्या दिवशी तू निकाल मान खाली घालून वाचलास. त्यांना तुझं डोकं दिसत होतं, बाकी काही नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, आयुष्यभर मी त्याला सगळं हातांनी सांगितलं गं, त्याची आई गेली तेही मीच सांगितलं, पण ते वाक्य सांगायला माझे हात मांडीवरून उठलेच नाहीत.

सभा संपली. बाहेर लोक येऊन छोट्या सरांच्या खांद्यावर हात ठेवू लागले. त्यांना वाटलं आपला विभाग वाचला, म्हणून ते प्रत्येकाचे आभार मानत राहिले. शेवटी कारकुनाने पाकिटाच्या पाठीवर लिहून दाखवलं.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. मान वर करून वाचायला तुला किती जड गेलं असतं ते मला कळतं. पण आमच्या मुलांना चेहरा लागतो रे.

काय करायचं ते तू ठरव. मी तुझी ताईच आहे, त्यात फरक नाही.

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या विभागात गेलो. लाजेची गोष्ट ही, की एवढ्या वर्षांत त्या मजल्यावर मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. खोल्या अर्ध्या रिकाम्या होत्या. बाई घरी गेल्या होत्या. छोटे सर एकटेच ते नवे आरसे वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

मी खिडकीकडे तोंड करून बसलो, उजेड तोंडावर येईल असा. त्यांना समोर बसायला सांगितलं. आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. की विभाग बंद करण्याचा ठराव सभेने बहुमताने मंजूर केला. की मी विरोधात हात वर केला. की तो ठराव मतदानाला मीच घेतला, आणि न घेणं माझ्या हातात होतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. ‘बहुमताने’वर त्यांनी मला थांबवलं. मी तीनदा म्हटलं, त्यांना काही उमगेना. शेवटी लिहून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग त्यांच्या त्या सपाट आवाजात विचारलं, या बहुमतातलं कोणी आमच्याकडे कधी आलं होतं का. मी म्हटलं, नाही, मीसुद्धा नाही.

नंतर ते म्हणाले, तुम्ही आलात हे बरं झालं, पाकीट मी फेकून देतो. मग त्यांनी आरशाची एक बाजू धरली, दुसरी मी धरली, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही बांधाबांध केली.

मेव्हण्याच्या सुतारखान्यात ते काम करणार आहेत. तिथे यंत्रांचा आवाज फार, बाकीच्यांची डोकी उठतात, मला काही त्रास नाही, असं म्हणून ते हसले. मला हसता आलं नाही. हसायला हवं होतं असं आता वाटतं.

राजीनामा मी लिहून ठेवला होता. दिला नाही. कुलगुरूंनी दुसऱ्या विभागाचा विषय काढला आहे, आणि त्या दिवशी ज्यांनी हात वर केले त्यांतले काही आता माझ्या खोलीत येऊन बसतात. दाराशी आले की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात. त्यांना काय सांगावं ते मला कळत नाही, पण उठून जाववत नाही.

तू निवृत्त होशील तेव्हा तुझ्या जागी कोण येईल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते शोधतो असंही लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू.

सुट्टीत तुझ्याकडे यावं असं मनात आहे. ये म्हणालीस तर येईन. लोभ असावा असं लिहायची या वेळी हिंमत होत नाही. तरी लिहितो.

तुझा,
धाकटा