सात नंबरची नळी

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, वहिनीचं नाही, ठकीचं तर नाहीच. तीन वर्षं तुझी लेक माझ्याकडे राहिली, माझ्याच हाताखाली मायक्रोबायॉलॉजी शिकली, आणि निकाल लागल्यावर अशी गेली की मागे साधी हेअरपिनसुद्धा ठेवली नाही. आत्या वाईट ठरली, हे कळलंय मला. तरी माझी बाजू एकदा ऐकून घे.

आमच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मुलांना एका नळीतले जंतू देतात, कोणते ते सांगत नाहीत. त्यांना रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचं, दिसेल ते चित्र काढायचं आणि दिलेल्या यादीतून जंतू ओळखायचा. यंदा सात नंबरची नळी होती. अठरापैकी सतरा मुलांनी जांभळे गोल ठिपके काढले, द्राक्षांच्या घडासारखे. उत्तर तेच होतं. आमच्या ठकीबाईसाहेबांनी गुलाबी काड्या काढल्या आणि खाली लिहिलं, यादीतल्या कशाशीच जुळत नाही. रंग धुताना हात जड झाला तर जांभळ्याचं गुलाबी होतं, तेवढं मी समजून घेतलं असतं. पण गोलाची काडी कशी होईल? शेजारचीच कुठलीतरी नळी उचलली असणार. बाहेरचे परीक्षक म्हणाले, पद्धत बरोबर आहे, निम्मे मार्क देऊ. मीच नको म्हटलं. भाचीला झुकतं माप दिलं असं डिपार्टमेंटमध्ये कुणी म्हणायला नको होतं.

त्या मार्कांपायी सलाईनच्या कारखान्यातली लॅबची नोकरी हुकली, हे खरं. ती जागा तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीला मिळाली. मोत्यासारखं अक्षर आहे म्हणून सगळे तिला मोतीच म्हणतात. पण दादा, त्या बाटल्यांतलं पाणी आजारी माणसाच्या शिरेत जातं. तिथे धांदरट पोरगी मी कोणत्या तोंडानं पाठवू?

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रुसायचं तेवढं रुसा, पण दोन ओळी लिहा.
तुझी,
धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. म्हणजे रागावलो होतो, पण तुझ्यावर फार दिवस रागावणं मला लहानपणीही जमलं नाही. ठकी सध्या माझ्या चष्म्याच्या दुकानात बसते. काचा पुसते, गिऱ्हाइकांचे नंबर लिहून घेते. वहिनी म्हणते, घरात मुलगी आहे की मांजर तेच कळत नाही. परीक्षेचा विषय काढला की एवढंच उत्तर, बाबा, मला दिसलं ते मी काढलं.

तुझ्या जंतूंतलं मला ओ की ठो कळत नाही. पण एक गोष्ट माझ्या धंद्यातली सांगतो. नोकरीच्या तपासणीआधी लोक डोळे बघून घ्यायला येतात आणि बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करतात. मला ते लगेच कळतं. ज्याला खरंच दिसतं तो शेवटच्या ओळीशी अडखळतो, डोळे बारीक करतो, एखादं अक्षर चुकतो. पाठ केलेला धडाधड म्हणतो. मग मी तक्ता उलटा करतो, मागच्या बाजूला वेगळी अक्षरं आहेत. आणि गंमत म्हणजे काही महाभाग उलट्या तक्त्यावरही जुनीच अक्षरं वाचतात, अगदी छाती पुढे काढून.

म्हणून विचारतो. तुझ्या त्या सतरा जणांत कुणी अडखळलं होतं का गं?

प्रकृतीला जप. चष्मा बदलायला झालाय तुझा, दोन वर्षं सांगतोय.
तुझा,
दादा

२२ जून

चि. ठकीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

बाबांचं पत्र वाचून चार दिवस मी चिडलेलीच होते. दुकानदारानं मला शिकवावं याचा राग. पाचव्या दिवशी लॅब रिकामी असताना सात नंबरची नळी काढली आणि स्लाइड केली. गुलाबी काड्या. पुन्हा केली. मग रंगाची नवीन बाटली फोडून तिसऱ्यांदा केली. काड्याच गं. एकसुद्धा गोल नाही.

या नळ्या दर महिन्याला मी स्वतः जुन्यातून नव्यात उतरवते. जुन्यावरचं लेबल बघायचं, नव्यावर लिहायचं. कधीतरी आत भलतंच काही शिरलं, वाढलं, आणि मूळचं होतं ते संपलं. मी लेबल वाचत राहिले. काल कपाटातल्या जुन्या वह्या काढून बसले. वर्षानुवर्षं द्राक्षांचे घड, खाली माझी लाल सही. कुठल्या वर्षापासून ती चित्रं खोटी आहेत तेही मला सांगता येत नाही, कारण सगळी हुबेहूब सारखी आहेत.

परीक्षा विभागाला लेखी कळवलंय की चूक माझी आहे आणि तुझे मार्क दुरुस्त व्हावेत. कारखान्याला पत्र लिहायला घेते आणि थांबते. मोती तिथे रोज बाटल्या तपासते. न बघता 'जंतूंची वाढ नाही' असं लिहिणं तिला किती सोपं जात असेल, या विचारानं पुन्हा कागद पुढे ओढते. पण तिचंही पोट त्या नोकरीवर आहे. काय करू, तूच सांग. मला लाज वाटते, ठकी. माफ कर म्हणायचा धीर होत नाही.
तुझी,
आत्या

३० जून

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचलं, आईनं एकदा. मी किती वेळा, ते सांगत नाही.

माझे मार्क सावकाश होऊ देत. मोतीकडे मात्र हे पत्र मिळाल्याबरोबर जा, बाटल्या कुणासाठी थांबत नाहीत. तिनं न बघता काही लिहिलं असेल तर साहेबांना तिनंच सांगावं, नाहीच सांगितलं तर तू सांग. तिला एकटं मात्र पाडू नकोस. ती आळशी नाही. कोणत्या नंबरला कोणतं चित्र ते वरच्या वर्गाकडून कळतं, बाई चित्र बघतात आणि सही करतात, हे तीन वर्षांत आम्ही सगळेच शिकलो. ती जरा जास्त नीट शिकली. तिच्यापुढे सात नंबरची नळी ठेव आणि शेजारी बस.

आता एक सांगते. हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवणाचं टेबल पुसताना तुझा कागद हाती आला होता. सातपुढे उत्तर लिहिलेलं होतं. म्हणजे द्राक्षं काढायची हे मला वर्गातल्या सगळ्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. नळी चुकीची असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला वाटलं, मीच काहीतरी घोटाळा करतेय, म्हणून तीन स्लाइड केल्या. रडू यायला लागलं होतं. तरी जे दिसत नाही ते काढायला हात वळेना. तसं वळवायचं नाही, हे तूच पहिल्या वर्षी पहिल्या तासाला सांगितलं होतंस.

चौथी स्लाइड मी तुझ्यासाठी लावून ठेवली. तू आलीस, माझं चित्र पाहिलंस, तुझा चेहरा उतरला. मायक्रोस्कोप तुझ्या कोपराला लागत होता, दिवा चालू होता. तुला वाकून बघता यावं म्हणून मी स्टूल मागे सरकवलं, आत्या. तू वही मिटलीस आणि पुढच्या टेबलाकडे गेलीस.

राग आहे, मायाही आहे. दोन्ही सध्या तुझ्याकडेच राहू देत.
तुझी,
ठकी