खालच्या कार्डाचं कुंकू

३० जुलै, बुध.
मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातलं नेट बंद! परवा पावसाळ्याची मासेमारीबंदी उठतेय आणि बोटींना समुद्रात जायच्या परवानगीची टोकनं त्याच कॉम्प्युटरवर निघतात. बरं झालं. एप्रिलमध्ये नाना चेअरमननी मला काढून माझ्या खुर्चीत जावयाला बसवलं. वर भर मीटिंगमध्ये, "बाईमानसानं मशीनची वाट लावलीन." सहा वर्षं सांभाळलं ते मशीन. आता बसा म्हणावं.

३१ जुलै, गुरु.
जावईबापूंनी अलिबागहून नवी वायर आणली. राउटर बदलला. आज विंडोज पुन्हा टाकलं. शेजारची मंदा तिथे झाडलोट करते, ती सांगते, "पाठी दोन भोकं हायेत गो, तो वरच्यात घालतंय."
हसू आवरेना. वरचं भोक खाऱ्या हवेनं गंजून मेलंय. म्हणून तर मी खाली वेगळं नेटवर्क कार्ड बसवलं होतं. त्या कार्डाची खाच तुटकी, कुठलीही वायर झाडू लागला तरी निघते. दसऱ्याला मशीनची पूजा केली तेव्हा कार्डाला कुंकवाचं बोट लावून ठेवलं, कुणालाही कळावं म्हणून. जावयानं आल्या आल्या मशीन चकाचक पुसलं. कुंकवासकट.
मंदाला काही सांगितलं नाही.

१ ऑगस्ट, शुक्र.
रेवदंड्याच्या सगळ्या बोटी बंदरातच. माझ्या वडिलांची, आबांचीही. जावयाला बोलणार कोण? गावाचा जावई, त्याला चहा पाजतायत.
आबा जेवले नाहीत. "बर्फाचं पानी झालं, पोरी. तुला त्यातलं काय कलतं का?"
"न्हाय," म्हटलं. आबांशी खोटं बोलले.

२ ऑगस्ट, शनि.
नाना स्वतः दारात. "चल गो, जरा बघ."
मीटिंगमध्ये बोललात ते सगळ्यांसमोर परत घ्या, म्हटलं.
"जावई हाय गो माझा. त्याच्यासमोर कसा बोलू?"
तरी गेले. आबांसाठी. वायर खालच्या भोकात, हिरवा दिवा लागला. दोन मिनिटंसुद्धा नाही. तर जावई म्हणतो, "बघा, माझ्या फॉर्मॅटनेच चालू झालं." लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी! आबा तेवढे खाली बघत होते.
मंदानं देवाजवळची कुंकवाची डबी दिली. "खूण कर परत."
केली. मागे हात घालून. वरच्या भोकाला.

५ ऑगस्ट, मंगळ.
दोन दिवस फार बरी झोप लागली.
आबा आज आले. म्हावरं चांगलं मिळालं. माझ्यासाठी एक सरंगा वेगळा काढून ठेवलेला. परवा परत निघायचं म्हणतात, उद्या टोकन काढणार.
उद्या मंदाला ऑफिस धुवायचंय. टेबल हलणार, वायर निघणार. मंदा संध्याकाळी दारात उभी राहून विचारून गेली, "कुंकवाच्या भोकातच घालायची ना गो वायर?"
सकाळी सांगते म्हटलं.